कॅरी गावचा मक्या

तुम्ही कधी सापाला जेवायला वाढलंय? मी वाढलंय. म्हणजे खरं सांगायचं तर वाढलं माझ्या भाच्यानं. मी आपला दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. पण त्या एका जेवणासाठी आम्ही जी धडपड केली, जेवढे मैल गाडी हाकली आणि आजींची जेवढी बोलणी खाल्ली, ते सगळं आज तुम्हाला सांगायचं आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात मी ताईकडे अमेरिकेला गेलो. ताई राहते नॉर्थ कॅरोलायना राज्यात, कॅरी नावाच्या गावी. नकाशा काढा पाहू. अमेरिकेचा पूर्व किनारा धरून वॉशिंग्टनहून खाली फ्लोरिडाकडे निघालात की वाटेत हे राज्य लागतं. त्याची राजधानी राली, आणि रालीला चिकटून कॅरी. १९५९ साली या भागात संशोधन करणाऱ्या कंपन्यांसाठी एक मोठी वसाहत वसवली गेली. तिच्यामागोमाग शिकलेली माणसं आली, त्यांत आपलीही पुष्कळ आली. आता कॅरीत बालाजीचं देऊळ आहे आणि किराणा दुकानात कढीपत्ताही मिळतो.

मला मात्र सगळ्यात आधी दिसली ती माती. लालभडक! रस्त्याकडेला खणलेला चर बघून वाटलं, चुकून रत्नागिरीला तर उतरलो नाही ना? झाडं तेवढी वेगळी. आंब्या-फणसांऐवजी जिकडेतिकडे उंच पाइन.

घरी पोचलो. चहा झाला. बारा वर्षांचे भाचेबुवा माझ्या भोवती घुटमळत होते. शेवटी कानाशी येऊन म्हणाले, "मामा, तुला मक्या दाखवू?"

मला वाटलं, कुत्रा असेल. वरच्या खोलीत गेलो तर टेबलावर भलीमोठी काचपेटी. आत लाकूड, खोट्या वेली, पाण्याचं भांडं. आणि कोपऱ्यात बुटाच्या नाडीएवढं काहीतरी. त्या नाडीला डोळे होते!

मी दोन पावलं मागे सरलो, हे कबूल करतो.

मक्या म्हणजे कॉर्न स्नेक जातीचं पिल्लू. कॉर्न म्हणजे मका, म्हणून भाच्यानं नाव ठेवलं मक्या. नारिंगी अंग, त्यावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके. या सापाला असं नाव का पडलं, याची दोन कारणं सांगतात. एक म्हणजे, मक्याच्या कोठारांत उंदीर खायला तो हटकून सापडायचा. दुसरं, त्याच्या पोटावरची चौकटी-चौकटीची नक्षी तिकडच्या रंगीबेरंगी मक्याच्या कणसासारखी दिसते. साप बिनविषारी. आपल्या तस्कर सापाचा लांबचा भाऊबंद म्हणा ना. मोठा झाला की तीन ते पाच फूट होतो, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. म्हणजे मक्या म्हातारा होईल तेव्हा भाचा बत्तिशीला पोचलेला असेल!

पण मक्या म्हातारा होण्याची चिन्हं दिसत नव्हती. कारण तो जेवतच नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी एका साप वाढवणाऱ्याकडून तो घरी आला, तेव्हा त्याचं वजन होतं सात ग्रॅम. सात ग्रॅम म्हणजे किती? चहाचे दोन चमचे साखर घ्या. मक्या त्याहून हलका! अशा पिल्लाला खायला काय द्यायचं, तर नुकतंच जन्मलेलं, केससुद्धा न फुटलेलं उंदराचं गुलाबी पिल्लू. तेही जिवंत नाही. अशी पिल्लं तिकडे गोठवलेली विकत मिळतात. पाकिटातून एक काढायचं, कोमट पाण्यात ठेवून मऊ आणि ऊबदार करायचं आणि चिमट्यानं सापापुढे धरायचं. तुम्ही नाक मुरडलंत ना? मीही मुरडलं होतं. पण साप काही वरणभात खात नाही. दूधही पीत नाही, बरं का! नागपंचमीला कुणी कितीही वाट्या भरून ठेवल्या तरी सापाच्या शरीराला दुधाचा काडीचा उपयोग नाही.

हे पाकीट आधी स्वयंपाकघरातल्या फ्रीजरमध्ये होतं, खवलेल्या नारळाच्या पाकिटाशेजारी. ताईच्या सासूबाई, म्हणजे भाच्याची आजी, तेव्हा सांगलीहून तिथे राहायला आल्या होत्या. त्यांनी एकदा आमटीसाठी नारळ म्हणून हात घातला, आणि काय हाती आलं ते तुम्ही ओळखलंच असेल. त्याच दिवशी दाजींनी गॅरेजसाठी एक छोटा वेगळा फ्रीजर विकत आणला.

आजी सापाला घाबरत नव्हत्या हं. "मी शिराळ्याची लेक आहे," त्या म्हणायच्या. "लहानपणी नागपंचमीला असले शंभर बघितलेत. साप असू दे की घरात. पण उंदीर नको." त्यात गणपती आले. १९ सप्टेंबरला मूर्ती बसली. पोटावर नाग गुंडाळलेला, पायाशी उंदीरमामा, दोघे शेजारी शेजारी कसे गुण्यागोविंदानं. आणि वरच्या मजल्यावर एकाला दुसऱ्याच्या पोटात घालायची आमची खटपट! आजींनी फर्मान काढलं, "विसर्जन होईपर्यंत उंदराला हात लावायचा नाही."

तसा त्या पाच दिवसांत मक्या उपाशी राहिला याचं काही नाही. त्याआधी तरी तो कुठे खात होता? भाचा रोज संध्याकाळी चिमटा घेऊन बसायचा. मक्या तोंड फिरवायचा. भाचा पिल्लू त्याच्या नाकाला लावायचा. मक्या शेपटी थरथरवून मागे सरकायचा. भाचा त्याला उचलून ओंजळीत घ्यायचा, कुरवाळायचा, समजूत घालायचा आणि पुन्हा चिमटा. गणपतीच्या दिवसांत तर घरात पाहुण्यांची रीघ. आरती झाली की पोरं वर पळायची. मक्या या हातातून त्या हातात. पाच दिवसांत चाळीस हात तरी त्याला लागले असतील.

२३ तारखेला किनाऱ्यावर ओफेलिया नावाचं वादळ आलं. आमच्याकडेही पावसाची झड लागली, म्हणून गॅरेजमध्येच टबात विसर्जन केलं. रात्री भाच्यानं मक्याला दाजींच्या कॉफी मोजायच्या काट्यावर ठेवलं. सहा ग्रॅम.

तुम्ही म्हणाल, एका ग्रॅमचं काय एवढं? सत्तर किलोच्या माणसाचे दहा किलो गेले तर काय होईल, तेवढं.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. साप पुष्कळ दिवस उपाशी राहू शकतात हे खरं आहे. आफ्रिकेतले बॉल पायथन नावाचे अजगर तर महिनोन्‌महिने तोंड मिटून बसतात आणि पाळणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळवतात. पण तो मोठ्या सापाचा हिशेब. त्याच्या अंगात साठा असतो. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पहिले आठ-दहा दिवस पोटात उरलेल्या बलकावर काढतं, पहिली कात टाकतं, आणि मग मात्र त्याला खावं लागतं. सात ग्रॅमच्या जिवाजवळ साठा असणार तरी किती?

ताई म्हणाली, "येत्या आठवड्यात खाल्लं नाही तर ज्याच्याकडून आणला त्याला परत द्यायचा. तुझ्या डोळ्यांदेखत मेलेला मला चालणार नाही." भाचा काही बोलला नाही. त्या रात्री तोही जेवला नाही.

सोमवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तिकडे साप-कासवांवर उपचार करणारे वेगळे पशुवैद्य असतात. या डॉक्टरीणबाईंनी मक्याला तळहातावर घेतलं, तोंड पाहिलं, पोट चाचपलं. आजार काही नव्हता. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. डोळे निळसर, धुरकट झाले होते का? कारण कात टाकण्याआधी साप खात नाहीत. नव्हते झाले. पेटीत ऊब किती? एका बाजूला साधारण २९ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या बाजूला २४ च्या आसपास हवी, म्हणजे सापाला हवं तिकडे सरकता येतं. सापाचं अंग स्वतः तापत नाही ना! बाहेरची ऊब मिळाली नाही तर पोटातलं अन्न पचत नाही. ऊब ठीक होती. पेटी केवढी? भाच्यानं अभिमानानं दोन्ही हात फाकून दाखवले. लपायला जागा? "आहे ना! एक लाकूड आहे."

"आणि तू त्याला हातात किती वेळा घेतोस?"

"रोज!" भाचा म्हणाला. "दिवसातून चारदा. त्याला माझी सवय व्हावी म्हणून."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझा हात त्याच्याकडे कुठून येतो? वरून. एवढ्याशा सापाच्या जगात वरून काय येतं, ठाऊक आहे? ससाणा येतो. बगळा येतो. दिवसातून चारदा ससाणा यायला लागला तर तू जेवशील?"

दोस्तांनो, भाच्याचा चेहरा मला बघवेना. तो मक्याला त्रास थोडाच देत होता! त्याचा जीव होता त्या नाडीवर. आणि तोच जीव मक्याच्या जिवावर उठला होता.

बाईंनी सांगितलेला उपाय ऐकाल तर म्हणाल, यात औषध कुठंय? मोठी काचपेटी बाजूला ठेवा. बुटाच्या खोक्याएवढा प्लॅस्टिकचा डबा घ्या, झाकणाला भोकं पाडा. खाली साधा कागद. पाण्याची वाटी. लपायला दोन जागा, एक ऊबेच्या बाजूला, एक थंड बाजूला. आणि त्याही अशा तंग की आत शिरल्यावर चारही बाजू सापाच्या अंगाला लागल्या पाहिजेत. माणसाला ऐसपैस खोली आवडते. लहान सापाला ती उघड्या मैदानासारखी वाटते. मग डबा शांत जागी ठेवा आणि सात दिवस हात लावू नका. पाणी बदला, बस्स. अन्नही दाखवू नका. रोज रोज तोंडाशी धरलेलं अन्न हीसुद्धा त्याला भीतीच. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. जबरदस्तीनं तोंड उघडून भरवायचं नाही. तशी वेळ आलीच तर ते काम डॉक्टरांचं. नवख्या हातानं जबडा मोडायचा.

निघताना त्या भाच्याला म्हणाल्या, "मधे सुट्टीचा दिवस आहे ना? सदर्न पाइन्सला जाऊन ये. तिथलं जंगल बघ. हा कुठला राहणारा आहे ते कळेल."

मला वाटतं, त्यांचा खरा हेतू भाच्याला डब्यापासून लांब ठेवायचा होता. सहा दिवस तो डब्याभोवती असा फिरत होता, जसं आपण परीक्षेच्या निकालाच्या दिवशी शाळेभोवती फिरतो. आजी दारात खुर्ची टाकून बसायच्या. "नातवा, माघारी फीर."

रविवारी, १ ऑक्टोबरला, आम्ही निघालो. एक नंबरचा महामार्ग धरून दक्षिणेला तासाभराचा रस्ता. सॅनफर्ड गाव मागे पडलं आणि मला खिडकीतून काहीतरी वेगळं वाटायला लागलं. काय बरं? माती! लाल माती संपली होती. रस्त्याच्या कडेला पांढरी वाळू. समुद्र तर शंभर मैलांवर. मग ही वाळू आली कुठून? तर कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र इथपर्यंत होता, त्याच्या काळची ही वाळू. म्हणूनच या भागाला सँडहिल्स, वाळूच्या टेकड्या म्हणतात.

सदर्न पाइन्सच्या कडेला वेमाउथ वुड्स नावाचं राखीव जंगल आहे. १९६३ साली एका बाईंनी आपल्या मालकीचं हे रान राज्याला देऊन टाकलं. इथली झाडं लाँगलीफ पाइनची. लाँगलीफ म्हणजे लांब पानाचा, आणि पान खरंच केवढं! सुई म्हणावी तर एक फुटाहून लांब. वारा आला की सगळ्या रानातून पावसाच्या सरीसारखा आवाज येतो. मी दोनदा आकाशाकडे पाहिलं.

झाडांची खोडं खाली काळी पडलेली होती. वणवा लागला होता की काय? लागला नव्हता, लावला होता! तिथली वनखात्याची माणसं दर दोन-तीन वर्षांनी ठरवून, हवा बघून, जमिनीलगतची हलकी आग फिरवतात. या पाइनची साल जाड, त्याला काही होत नाही. खाली माजलेली झुडपं जळतात, गवत पुन्हा येतं, बियांना मोकळी जमीन मिळते. पूर्वी हे काम विजा करायच्या आणि तिथले मूळ रहिवासी करायचे. एके काळी व्हर्जिनियापासून टेक्ससपर्यंत असं जंगल सुमारे नऊ कोटी एकरांवर होतं. जहाजांना लागणारं डांबर आणि टर्पेंटाइन याच झाडांपासून मिळायचं. चीक काढला, लाकूड तोडलं, आग विझवत राहिले, आणि आता उरलं आहे ते शेकडा पाचच्या आसपास.

या रानातलं एक झाड १५४८ सालचं आहे. खोडातून बारीक नळीएवढा तुकडा काढून, आतली वर्षाची वळी मोजून हे वय काढलं. शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हा ते झाड ब्याऐंशी वर्षांचं होतं! तोडलेल्या झाडांच्या गोष्टी ऐकून आल्यावर त्याच्या बुंध्याला हात लावताना बरं वाटलं.

पण भाच्याचं लक्ष झाडात नव्हतं. तो प्रत्येक ओंडक्याखाली वाकून बघत होता. एका जळक्या खुंटाच्या जागी जमिनीत भोक पडलं होतं. खुंट आतपर्यंत जळून, कुजून गेला की असं बीळ उरतं. यानं वाकून हात घालायला आणि मागून हाक यायला एक गाठ पडली. गणवेशातला एक वनरक्षक धावत आला. "हात बाहेर!" या रानात कॉपरहेड नावाचा विषारी सापही असतो. बिळात हात घालायचा नाही, हे तिथे काय आणि आपल्या सह्याद्रीत काय, सारखंच.

रागावून झाल्यावर त्या वनरक्षकानं विचारलं, "शोधत काय होतास?" भाच्यानं मक्याची सगळी हकीगत सांगितली. मग त्यानं विजेरी काढून, लांबूनच, बिळात उजेड टाकला. आत काळोख, अरुंद वाट, चारही बाजूंनी भिंती.

"कॉर्न स्नेक अशा ठिकाणी दिवस काढतो," तो म्हणाला. "मी रोज इथे हिंडतो, पण महिन्यात एखादाच दिसला तर दिसतो. ज्याला कुणी बघितलं नाही, तो जगला."

भाचा बराच वेळ त्या बिळाकडे बघत राहिला.

वनरक्षकानं आणखी एक गंमत दाखवली. एका पाइनच्या खोडावर उंचावर भोक होतं आणि त्याच्या भोवती पांढरा चीक मेणबत्तीसारखा ओघळलेला. ते एका सुतारपक्ष्याचं घर. हा पक्षी जिवंत पाइनमध्येच ढोली पोखरतो. वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ त्यात जातो. आणि मग ढोलीभोवती टोची मारून चीक वाहता ठेवतो. कशासाठी? सापांसाठी! कॉर्न स्नेकचे भाऊबंद सरळ खोडावर सरसर चढतात आणि पिल्लं खातात. चीक अंगाला लागला की त्यांना चढता येत नाही. हा पक्षी इतका कमी झाला होता की अमेरिकेनं १९७० साली त्याला नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. जंगलं राखली, ढोल्या करून दिल्या, तेव्हा कुठे २०२४ साली त्याला एक पायरी कमी धोक्याच्या यादीत आणता आलं. साप खाऊ बघतो, पक्षी चीक लावतो. असं त्यांचं हजारो वर्षं चाललं आहे, आणि दोघंही त्याच रानात आहेत.

परत फिरताना कार्यालयाच्या कठड्यावर मला एक हिरवागार सरडा दिसला. बोटाएवढा. त्यानं मान वर केली आणि गळ्याखाली गुलाबी पंखा उघडला! आपल्या बागेतल्या सरड्याचा गळा लाल होतो ना, तसाच काहीसा, पण याचा पंखा मिटतो आणि उघडतो. याला ॲनोल म्हणतात. हिरव्याचा तपकिरी पण होतो.

वनरक्षक सहज बोलून गेला, "हे बघ तुझ्या मक्याचं जेवण. मोठे साप उंदीर खातात. पण एवढी एवढी पिल्लं रानात बारके सरडे, झाडावरचे बेडूक यांच्यावरच वाढतात."

भाचा थबकला. "म्हणजे त्याला उंदीर हे जेवण आहे हेच माहीत नाही?"

असंच होतं बरं का. साप जीभ बाहेर काढतो तो वास घेण्यासाठी. हवेतले वासाचे कण जिभेवर घेतो आणि टाळूतल्या एका खास इंद्रियाला नेऊन लावतो. त्याला आपल्यासारखी चव-बिव कळो न कळो, 'हे जेवण' की 'हे जेवण नव्हे' हा निकाल वासावर लागतो. पुष्कळ पिल्लं जन्मतःच उंदराच्या वासाला हो म्हणतात. काहींचं नाक मात्र सरड्याच्या वासावरच अडून बसतं. मक्या हट्टी नव्हता. त्याच्या पानात जे वाढलं होतं, ते त्याच्या लेखी अन्नच नव्हतं.

राखीव जंगलातून पान उचलायचीही बंदी, सरडा तर लांबच. पण परतीच्या वाटेवर कॅरीत पाळीव प्राण्यांचं एक दुकान होतं आणि तिथे ॲनोल होते. दुकानातल्या मुलीला आमची अडचण अगदी सरावाची निघाली. तिनं टिपकागदाचा ओला तुकडा ॲनोलच्या पेटीत रात्रभर ठेवला आणि सोमवारी शाळा सुटल्यावर पिशवीत बंद करून आम्हाला दिला. पैसे घेतले नाहीत.

त्या दिवशी २ ऑक्टोबर. आजी म्हणाल्या, "गांधीजयंतीला हा उद्योग?" पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. त्यांनी आदल्या रात्री मला हळूच विचारलं होतं, "काय पाहुणं, जगंल का ते?"

संध्याकाळी दिवे मंद केले. गॅरेजमध्ये भाच्यानं उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात सोडलं. मायक्रोवेव्हमध्ये किंवा उकळत्या पाण्यात नाही; तसं केलं तर ते शिजतं, फुटतं. मग भांड्याच्या साबणाच्या एका थेंबानं ते धुतलं, भरपूर पाण्यानं खळबळून साबण काढला, म्हणजे उंदराचा वास कमी व्हावा. टिपून त्या कागदावर चोळलं. पिल्लाची जाडी मक्याच्या पोटाच्या जाडीएवढीच होती. याहून फार मोठं द्यायचं नसतं. दह्याच्या डबीएवढ्या, भोकं पाडलेल्या डबीत ते ठेवलं, मक्याला हलकेच खालून उचलून आत सोडलं, झाकण लावलं आणि ती डबी मोठ्या डब्यात ऊबेच्या बाजूला ठेवून वर कापड घातलं. साबणानं हात धुतले. सापाला हात लावला की हात धुवायचेच. त्यांच्या अंगावर आपलं पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

"आता बघायचं नाही," भाचाच म्हणाला. स्वतःला म्हणाला असावा.

तो जिन्यात बसला. मी त्याच्याशेजारी बसलो. थोड्या वेळानं आजी येऊन खालच्या पायरीवर टेकल्या. म्हणाल्या, "तू दोन वर्षांचा असताना सांगलीला आलावतास. आठ माणसं तुला भरवायला. कुणी चिऊ दाखवी, कुणी काऊ. तू तोंड घट्ट मिटून. शेवटी वैतागून सगळी उठून गेलो, तर ताटली घेऊन दाराआड बसून सगळा भात खाल्लास."

"आजी, मी साप आहे का?"

"वळवळायचास तसाच."

सकाळी सहा वाजता मला भाच्यानं हलवून उठवलं. एकट्यानं बघायची त्याची छाती होईना. कापड काढलं. डबी रिकामी. म्हणजे, मक्या होता, पण तेवढाच होता. आणि त्या नाडीच्या मधोमध एक गाठ आली होती.

भाचा ओरडला नाही, उड्या मारल्या नाहीत. डबी तशीच आडवी केली, मक्या आपला आपण सरकत लपायच्या जागेत गेला, आणि यानं झाकण लावलं. जेवल्यावर दोन दिवस तरी हात लावायचा नसतो. धक्का बसला तर साप खाल्लेलं उलटून टाकतो. भाच्यानं चार दिवस लावला नाही.

तिथून पुढे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. सहा दिवसांनी दुसरं पिल्लू दिलं, ते खाल्लं. तिसऱ्याला वास थोडा कमी लावला, तर पठ्ठ्यानं तोंड फिरवलं. भाच्याचा हात चिमट्याकडे गेला, थांबला. अन्न उचललं, आठवडाभर वाट पाहिली, पुन्हा पुरता वास लावला, खाल्लं. मग कागद फक्त डोक्यापुरता, मग नुसता टेकवून. नोव्हेंबरच्या मध्यावर मी परत निघालो त्या आठवड्यात मक्यानं साधं, बिनवासाचं उंदराचं पिल्लू चिमट्यातून ओढून घेतलं. वजन नऊ ग्रॅम. भाच्याची एक वही आहे, तिच्यात तारीख, ग्रॅम आणि शेरा असे तीन रकाने आहेत. त्या दिवशीच्या शेऱ्यात त्यानं देवनागरीत लिहिलं, 'मक्या उदीर खातो'. अनुस्वार राहिला, पण मी काही बोललो नाही.

हो, आणि एक सांगायचं राहिलं. हे वाचून तुमच्यापैकी कुणी मागच्या परड्यात धामण शोधायला निघालं असेल, तर माघारी फिरा. मक्या माणसाच्या घरी अंड्यातून आलेला, तिकडच्या कायद्यानं पाळता येणारा साप. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातला साप पकडून घरात ठेवणं हा गुन्हा आहे. साप बघायचेत ना? मग पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात जा. तिथल्या एखाद्या काचेसमोर उभे राहाल आणि आतला साप दिसणारच नाही, तेव्हा काचेवर टकटक करू नका. तो त्याच्या बिळात आहे.

आजी आता सांगलीला परत आल्या आहेत. दर रविवारी त्यांचा कॅरीला फोन असतो. मी एकदा तिथे बसलेला असताना ऐकलं. नातवाच्या अभ्यासाची, सर्दीची चौकशी नंतर. आधी म्हणाल्या,

"मक्या जेवला का?"

पलीकडून भाचा म्हणाला, "नाही आजी, डोळे निळे झालेत. कात टाकणार. आज उपास."

"मग चालू दे त्याची एकादशी," आजी म्हणाल्या.